माशाच्या अंगावरची नदी

नदीतून नुकताच काढलेला मासा हातात असतो तेव्हा तो एकटा नसतो. त्याच्या बुळबुळीत चिकट्यात, खवल्यांच्या कडेला, परांच्या काट्यांमध्ये, नाकपुड्यांत, कल्ल्यांच्या लाल तंतूंत आणखी कुणीकुणी राहत असतं. उष्ण कटिबंधातल्या नदीतला धडधाकट, तुकतुकीत, चांगला पोसलेला मासाही याला अपवाद नाही. पूर्ण वाढलेल्या रानमाशावर एकही परजीवी सापडला नाही, तर पहिली शंका आपल्या तपासणीचीच घ्यावी. मासा उशिरा पाहिलेला असतो, नाहीतर पाहण्याआधी कुणीतरी तो खळखळून धुतलेला असतो.

मासा धुवायचा नाही, ही माशावरचे परजीवी शोधण्याच्या कामातली पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट घड्याळाची. मासा मेला की त्याच्या अंगावरची वस्ती उठायला लागते. अर्ग्युलस, म्हणजे जिला माशाची ऊ म्हणतात ती, पायांच्या चार जोड्या मारत सरळ पोहत निघून जाते. कातडीवरचे जायरोडॅक्टिलस नावाचे चपटे कृमी मेलेला मासा सोडून दुसरा मासा गाठायच्या खटपटीला लागतात. कल्ल्यांत आकडे रोवून बसलेल्यांना तेवढं सहज हलता येत नाही, ते तिथेच मरतात. उष्ण हवेत कल्ले तास-दोन तासांत सैल पडून त्यांचा लगदा व्हायला लागतो आणि त्यातल्या अर्ध्या मिलिमीटरच्या मऊ देहांचे नुसते आकडे उरतात. म्हणून मासा तपासणीच्या क्षणापर्यंत जिवंत ठेवायचा आणि एक संपल्यावरच दुसरा घ्यायचा.

प्रत्येक माशाला स्वतःची पिशवी किंवा बादली हवी, आणि तीत त्याच नदीचं पाणी. पाच जातींचे मासे एका बादलीत ठेवले आणि तळाशी एक ऊ सापडली, तर ती कुणाची, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. मासा बाहेर काढल्यावर उरलेलं पाणीही फेकायचं नाही. अर्धा तास स्थिर ठेवायचं, वरचं पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं आणि तळाचा गाळ पेट्री डिशमध्ये घेऊन पाहायचा. बाहेरच्या परजीवींपैकी बरेचसे याच गाळात सापडतात. बर्फावर मासा थोडा वेळ टिकतो, पण गोठवला तर पेशी फुटतात आणि मऊ शरीराचे कृमी ओळखण्यापलीकडे जातात.

मासा मारावा लागणार असेल, तर तो त्रास न देता मारायचा. त्याआधी त्या भागातली परवानगी आणि संरक्षित जातींची यादी पाहून घ्यायची. लवंग तेल पाण्यात नीट विरघळत नाही, वर तवंग धरतं. ते आधी नऊ भाग अल्कोहोलमध्ये एक भाग असं मिसळून मग पाण्यात घालतात. लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास तेल पडलं, की मासा लवकर शुद्ध हरपतो. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही निदान १० मिनिटं तसाच राहू द्यायचा आणि मग डोक्यामागे एका घावात कणा तोडायचा. भुलीने परजीवीही सुटतात, तेव्हा हे पाणीसुद्धा गाळूनच टाकायचं.

आता पाहणं. लांबी आणि वजन लिहून घेतल्यावर तिरप्या उजेडात मासा हळूहळू फिरवत न्यायचा. डोळ्याच्या कडा, नाकपुड्या, तोंडाचा आतला भाग, प्रत्येक पराचा बुडखा, गुदद्वाराभोवतीची जागा. घाई झाली की नाकपुड्या हमखास राहतात, आणि काही चिमुकले परजीवी फक्त तिथेच राहणारे असतात.

चिकट्याचा नमुना घ्यायला कव्हरस्लिपची, म्हणजे काचपट्टीवर झाकायच्या पातळ काचेची, कड पुरते. डोक्याकडून शेपटीकडे, खवल्यांच्या दिशेने, हलक्या दाबाने ओढायची. उलट ओढली तर खवले उचकटतात आणि नमुन्यात रक्तच जास्त येतं. काचपट्टीवर त्याच नदीच्या पाण्याचा थेंब टाकून तो चिकटा त्यात पसरायचा. नळाचं पाणी घेतलं तर क्लोरीनने ट्रायकोडिनासारखे एकपेशीय जीव मरतात, आणि मेलेला ट्रायकोडिना म्हणजे नजरेतून निसटलेला ट्रायकोडिना. जिवंत असेल तर तो चुकत नाही. दातेरी चक्राची तबकडी स्वतःभोवती गरगरत चिकट्यातून सरकत जाते. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणारा इक्थियोफ्थिरियस जरा मोठा, कधी १ मिलिमीटरपर्यंत, संथपणे लोळणारा असतो आणि त्याच्या पोटात घोड्याच्या नालासारखं केंद्रक असतं. तो कातडीच्या वरच्या थराखाली बसतो, त्यामुळे नुसत्या चिकट्यात दर वेळी येत नाही. ठिपका दिसला की पराचा छोटा तुकडाही कापून घ्यावा.

याच नमुन्यात जायरोडॅक्टिलस सापडला, तर हातातलं बाकीचं काम थोडं बाजूला ठेवावं. साधारण अर्ध्या मिलिमीटरचा हा चपटा कृमी मागच्या टोकाला दोन मोठे आकडे आणि कडेला १६ बारीक आकडे लावून घट्ट बसतो. पुढचं टोक लांब करून टेकवतो, मागचं सोडून जवळ ओढतो. अळीसारखी चाल. शंभरपट मोठा करून पाहिला की त्याच्या पोटात आकड्यांची आणखी एक जोडी दिसते. ती त्याच्या पिल्लाची. नीट फोकस केला तर त्या पिल्लाच्याही पोटात पुढच्या पिढीचे आकडे धरायला लागलेले असतात. आई, मुलगी आणि नात एकाच देहात. हा कृमी अंडी घालत नाही, जवळजवळ पूर्ण वाढलेलं पिल्लूच बाहेर टाकतो, आणि ते त्याच माशावर आईशेजारी आकडे रोवतं. म्हणून एका माशावर त्यांची संख्या काही दिवसांत वाढते. दक्षिण अमेरिकेतल्या चिलखती मांजरमाशांवर मात्र याच कुळातले, पण अंडी घालणारे कृमी सापडले आहेत. कुळाची जुनी रीत तीच असावी असं अनेक अभ्यासक मानतात.

कल्ल्यांचं काम वेगळं आणि निवांत करायचं. हाडाच्या माशाला एका बाजूला कल्ल्यांच्या चार कमानी असतात, दोन्हीकडच्या मिळून आठ. झाकण कापून दूर करायचं, प्रत्येक कमान वरखाली दोन्ही टोकांना कापून सोडवायची आणि वेगळ्या डिशमध्ये ठेवून तिला क्रमांक द्यायचा: डावी एक, डावी दोन, अशा क्रमाने. आठही कमानी एकाच डिशमध्ये टाकल्या तर वेळ वाचतो, पण फार मोठी माहिती हरवते. या कृमींच्या जागा ठरलेल्या असतात. कुणाला दुसरी कमान मानवते, कुणाला तंतूचं टोक, कुणाला बुडखा. एकाच कल्ल्यावर तीन-चार जाती आपापल्या जागा सांभाळून राहतात.

डिशमध्ये नदीचं पाणी घालून स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली तंतू बारीक सुईने एकेक करत उलगडायचे. लाल कंगव्यासारख्या त्या रांगांमधून अचानक एखादं पारदर्शक बोट वर येतं, डोलतं, आखडतं. तो डॅक्टिलोगायरस. पुढच्या टोकाला चार काळे डोळ्यांचे ठिपके, मागे दोन मोठे आकडे आणि कडेचे १४ छोटे. डोळ्यांचे ठिपके आहेत आणि पोटात पिल्लू नाही, एवढ्यावर तो जायरोडॅक्टिलसपासून वेगळा करता येतो. तो अंडी घालतो. अंड्यातून केसाळ अळी पोहत निघते आणि फार तर एक-दोन दिवसांत तिला योग्य जातीचा मासा गाठावा लागतो. योग्य जातीचाच, कारण या वंशातल्या बहुतेक जाती एका किंवा अगदी जवळच्या एक-दोन जातींच्या माशांवरच जगतात. माशाची ओळख चुकली की कृमीचीही चुकते. माशाचा फोटो आणि पराचा तुकडा वेगळा जपून ठेवायचा तो यासाठी.

अशा कृमींची जात रंगाने किंवा आकाराने ठरत नाही. आकडे मायक्रॉनमध्ये मोजावे लागतात आणि नर जननेंद्रियाचा कठीण भाग रेखाटावा लागतो. अमोनियम पिक्रेट आणि ग्लिसरीनच्या मिश्रणात कृमी ठेवून कव्हरस्लिपने हलका दाब दिला की तो चपटा होतो आणि आकडे एका पातळीत येतात. दाब कमी पडला तर आकडा तिरपा राहून माप कमी भरतं, जास्त पडला तर आकड्यांमधला जोडदांडा मोडतो. सरावाशिवाय हा हात बसत नाही, आणि पहिल्या काही काचपट्ट्या वाया जाणार हे धरूनच चालावं.

डोळ्यांना सहज दिसणारे परजीवी कवचधारी असतात. लर्निया हा नांगरासारख्या डोक्याचा. माशाच्या अंगातून लोंबणाऱ्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या धाग्यासारखा दिसतो आणि धाग्याच्या टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या असतात. दिसते ती मादीच. मीलनानंतर नर मरतात आणि मादी माशाच्या मांसात शिरून अशी बदलते, की ती झिंग्या-खेकड्यांच्या नात्यातली आहे हे पटू नये. तिला चिमटीत धरून ओढणं ही या कामातली सर्वात नेहमीची चूक. मान तुटते, डोकं मांसातच राहतं, आणि ओळख त्या डोक्याच्या शिंगांवर असते. बारीक कात्रीने भोवतीचं मांस थोडं मोठंच कापून घ्यायचं आणि मग दोन सुयांनी तंतू सोडवत डोकं मोकळं करायचं. त्यातही शिंगांचा आकार आजूबाजूच्या मांसहाडांप्रमाणे बदलतो. एकाच नमुन्यावरून नवी जात जाहीर करण्याचा मोह आवरावा. कोमट पाण्यात, २५ ते ३० अंश सेल्सियसला, याचं जीवनचक्र तीन-साडेतीन आठवड्यांत पुरं होतं. थंड प्रदेशात हिवाळा त्याला थोपवतो. उष्ण नदीत असा खंड नसतो.

उवांमध्येही घराणी आहेत. अर्ग्युलसच्या जबड्यांच्या एका जोडीचे दोन गोल चूषक झालेले असतात. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेत भेटणाऱ्या डोलॉप्सला त्याच जागी आकडे असतात. उवेची मादी अंडी अंगावर वागवत नाही. मासा सोडून दगडावर किंवा बुडालेल्या ओंडक्यावर ओळीने चिकटवून येते. माशावर ऊ सापडली की जवळचे दगडही उलटून पाहावेत.

समपाद, म्हणजे सारख्या पायांच्या, कवचधाऱ्यांनी तर माशाचं शरीरच घर केलं आहे. दक्षिण अमेरिकेतला आर्टिस्टोन छातीच्या पराजवळ कातडीखाली पिशवी करून राहतो, बाहेर फक्त एक छिद्र दिसतं. त्याचाच नातलग रिगिया पॅरानेन्सिस. ब्राझीलच्या इटाबापोआना नदीत तो सायफोकॅरॅक्स गिल्बर्ट या माशाच्या शरीरपोकळीत शिरून राहतो, आणि त्या माशाची जननेंद्रियं वाढतच नाहीत. मासा पोहतो, खातो, पण त्याचा वंश तिथेच थांबतो. वरून पाहणाऱ्याला मासा निरोगी वाटतो. पोटाकडचं ते छिद्र नजरेला पडलं, तरच कळतं.

ॲमेझॉनच्या खोऱ्यात मासाच माशाचा परजीवी होतो. व्हँडेलिया वंशाचे कांदिरू हे बोटभर, जवळजवळ पारदर्शक मांजरमासे मोठ्या माशाच्या कल्ल्याच्या झाकणाखाली घुसून तिथल्या मोठ्या धमनीला चावा घेतात. ब्राझीलच्या अभ्यासकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत दिसलं, की त्यांचं पोट ३० ते १४५ सेकंदांत भरतं. रक्त शोषावंही लागत नसावं, यजमानाच्या हृदयाचा दाबच ते ढकलत असावा. जाळ्यात असा मासा क्वचितच हाती लागतो, कारण मोठा मासा पाण्याबाहेर येईपर्यंत तो निघून गेलेला असतो. मागे उरते ती धमनीवरची ताजी जखम.

पण या सगळ्यांत मला सर्वात जवळचे वाटतात ते शिंपले. गोड्या पाण्यातले युनिओनिड शिंपले तळाच्या वाळूत रुतून बसतात, स्वतः फार लांब जाऊ शकत नाहीत. त्यांची ग्लोकिडियम नावाची अळी म्हणजे दोन इवल्या झडपा, मिलिमीटरच्या विसाव्या भागापासून पाव-अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. माशाच्या कल्ल्याला किंवा पराला तिचा स्पर्श झाला की झडपा मिटतात आणि माशाचीच पेशी तिच्यावर चढून तिला झाकून टाकते. आत तिचं शरीर नव्याने घडतं. दिवस-आठवडे असा मुक्काम करून छोटा शिंपला फुटून बाहेर पडतो आणि मासा त्या वेळी जिथे असेल तिथल्या तळाशी पडतो. प्रवाहाच्या विरुद्ध वर जायला शिंपल्याला दुसरं वाहनच नाही. आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत शिंपल्यांच्या काही कुळांची अळी वेगळीच असते, तिला लासिडियम म्हणतात. आफ्रिकेतल्या म्युटेलाची अळी तर माशाच्या कातडीत मुळांसारख्या नळ्या रोवून त्यातून पोषण घेते.

कल्ल्यावर ग्लोकिडिया सापडले, याचा अर्थ इथे तळाशी शिंपले जिवंत आहेत, वयात आलेले आहेत आणि त्यांना चालणारा मासा त्यांच्यावरून जातो. बांध घातला आणि तो मासा वर येईनासा झाला, की खालचे म्हातारे शिंपले वर्षानुवर्षं जगत राहतात, अळ्या सोडत राहतात, आणि पिल्लू एकही उरत नाही. वाळूत शिंपले भरपूर दिसतात म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी माशांचे कल्लेही उघडून पाहावेत, असं मला फार वाटतं.

क्लिनोस्टोमम या पानकृमीच्या पिवळ्या गाठीही अशाच बोलक्या. परांच्या बुडाशी, कल्ल्यांच्या झाकणाआड, मांसात ज्वारीच्या दाण्याएवढ्या दिसतात. हा कृमी आधी गोगलगाईत वाढतो, मग माशात गाठ होऊन थांबतो आणि बगळ्याच्या घशात प्रौढ होतो. बगळा पाण्यात चोच घालतो तेव्हा त्याची अंडी पाण्यात उतरतात. एक पिवळी गाठ मिळाली की गोगलगाय, मासा आणि बगळा या तिघांची हजेरी लागली. काठची दलदल बुजली, गोगलगायी संपल्या, की नव्या गाठी होणं थांबतं. पाण्यात सांडपाणी वाढलं तर ट्रायकोडिनासारखे एकपेशीय मात्र फोफावतात, कारण ते जगतात जिवाणूंवर.

ओळखीत चुका कुठे होतात? प्रजननाच्या काळात रोहू-कटल्यांच्या कुळातल्या नरांच्या थोबाडावर पांढरे कठीण फोड येतात. ते परजीवी नसून वयात आल्याची खूण. दोन्ही गालांवर सारख्याच मांडणीने असतात, नखाला टणक लागतात, खरवडून पाहिलं तर आत काही हलत नाही. काळे ठिपके दिसले तर तो रंग की आजार, हे सुईने ठिपका उघडून ठरवायचं. कातडीत शिरलेल्या पानकृमीच्या गाठीभोवती मासा स्वतःच काळं रंगद्रव्य साठवतो, आणि आत मिटलेला कृमी असतो. कल्ल्यावरचा न हलणारा पांढरा दाणा मिक्सोबोलस या सूक्ष्म परजीवीची गाठ असू शकतो. काचपट्टीवर दाबून फोडला तर हजारो बीजाणू पसरतात, प्रत्येकात एका टोकाला थेंबासारख्या दोन कुप्या.

किती मासे पाहावेत? पाच मासे पाहून नदीबद्दल काही बोलू नये. दर दहातल्या एका माशावर असणारा परजीवी पाच माशांत निदान एकदा दिसण्याची शक्यता ४१ टक्के आहे, तीस माशांत ती जवळपास ९६ टक्के होते. तीस मासे तपासले, त्यांतल्या १२ वर मिळून ६० कृमी निघाले, तर प्रादुर्भाव ४० टक्के, बाधित माशामागे सरासरी तीव्रता ५ आणि सगळ्या माशांमागे विपुलता २. तिन्ही आकडे वेगळे आहेत. या संज्ञांचे अर्थ १९९७ मध्ये नीट बांधले गेले, तरी आजही गल्लत होते. आणि सरासरीवर विसंबू नये. हे ६० कृमी बारा माशांवर पाच-पाच असे कधीच वाटलेले नसतात. बहुतेकांवर एक-दोन असतात आणि एखाद्याच्या वाट्याला तीस येतात. तो एक मासा चुकीचा म्हणून यादीतून काढणारे सगळी मोजणीच बिघडवतात.

तारखेशिवाय या आकड्यांना अर्थ नाही. उष्ण नदीत थंडी-उन्हाळ्यापेक्षा पाण्याची चढउतार मोठी. ब्राझीलमधल्या मनाउस शहराजवळ रिओ नेग्रो नदी वर्षभरात सुमारे १० मीटर चढते-उतरते. पूर आला की मासे बुडालेल्या जंगलात पांगतात, कृमींच्या अळ्यांना यजमान सापडणं अवघड होतं. पाणी ओसरलं की तेच मासे डबक्यांत दाटतात, आणि एका माशावरून दुसऱ्यावर थेट जाणाऱ्या कृमींचं फावतं. जूनचे आणि नोव्हेंबरचे आकडे शेजारी मांडून नदी बिघडली असा निष्कर्ष काढण्याआधी पाण्याची पातळी पाहावी.

पातळीने समजावता येत नाही असाही एक पाहुणा भेटतो. आफ्रिकेतला तिलापिया जगभर नेला गेला, त्याच्या कल्ल्यांत सिक्लिडोगायरस हे कृमीही गेले. आफ्रिकेबाहेरच्या नदीत तिथल्या मूळ माशावर हा कृमी दिसला, तर तो नमुना दोनदा तपासून जपावा, कारण अशा नोंदी मोलाच्या असतात.

जपणंही प्रत्येकाचं वेगळं. बराच वेळ लागणार असेल तर कल्ले छोट्या बाटलीत घालून त्यावर ६० अंशांचं गरम पाणी ओततात, मिनिटभर जोरात हलवतात आणि मग फॉर्मालिन घालतात. कृमी सुटून, आखडण्याआधीच, सरळ स्थितीत स्थिर होतात. बाजारातलं फॉर्मालिन एक भाग, पाणी नऊ भाग, याला कुणी १० टक्के फॉर्मालिन म्हणतं, कुणी ४ टक्के फॉर्मल्डिहाइड. द्रावण एकच आहे. नावांच्या गोंधळात दोनदा पातळ केलं तर नमुने कुजतात. डीएनए हवा असेल तर काही नमुने आधीच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळे काढायचे, फॉर्मालिनमधून तो नीट मिळत नाही. आतड्यातले गोल कृमी थंड अल्कोहोलमध्ये टाकले की वेटोळं होऊन राहतात, गरम ७० टक्के अल्कोहोलमध्ये सरळ होतात. काटेरी सोंडेचे कृमी सोंड आत ओढून बसलेले असतील तर साध्या पाण्यात काही तास थंड जागी ठेवायचे. पाणी आत शिरून शरीर फुगतं, सोंड बाहेर येते, आणि ओळख त्या सोंडेवरच्या काट्यांच्या रांगांवर आहे. जळवांना अल्कोहोल थेंबाथेंबाने द्यायचं, एकदम दिलं तर गोळा होतात.

शेवटी चिठ्ठी. ती बाटलीच्या आत टाकायची, बाहेर चिकटवलेली ओलीने सुटते. जाड कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहायचं, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते आणि प्रिंटरची अक्षरं कागदावरून सोलून तरंगायला लागतात. नदी, जागा, तारीख, पाण्याची पातळी, माशाचा क्रमांक, कमान डावी की उजवी, कितवी.